पेरोव्हस्काइट ऑक्साइड सिरॅमिक उच्च तापमानाला वेगवेगळ्या वायूंत कसे वागते आणि ते कसे तपासावे

हवेत १३०० °से.ला भाजलेली बेरियम टायटनेट या पेरोव्हस्काइट ऑक्साइडची गोळी फिकट रंगाची आणि विद्युतरोधक असते. तीच गोळी त्याच तापमानाला हायड्रोजनयुक्त वायूत ठेवली, तर ती काळपट होते आणि तिच्यातून वीज वाहू लागते. तोललेली द्रव्ये तीच, तापमान तेच, बदलला तो फक्त भोवतालचा वायू. इंधनघटांचे विद्युतअग्र, ऑक्सिजन वेगळा काढणारी पटले, बहुस्तरीय संधारित्रे, वायुसंवेदक अशा अनेक ठिकाणी पेरोव्हस्काइट ऑक्साइडे वापरली जातात, आणि या सर्व ठिकाणी भट्टीतला वायू हा पदार्थाच्या घटनेतला (रासायनिक जडणघडणीतला) एक घटकच मानावा लागतो. '१००० °से.ला या पदार्थाची वाहकता इतकी' असे विधान वायू सांगितल्याशिवाय अपुरे आहे, एवढेच नव्हे तर ते तपासताही येत नाही. नळीभट्टी, दोन-तीन वायू, वजनमापक उष्णताविश्लेषक आणि वाहकता मोजण्याची साधने ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी अशी तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सविस्तर दिले आहे.

जाळीत काय घडते

पेरोव्हस्काइटच्या जाळीत ए-स्थानावर लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम, बेरियम किंवा कॅल्शियम असा मोठा धन आयन असतो. बी-स्थानावर टायटॅनियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट असा लहान आयन असतो आणि त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन असतात. तापमान वाढले किंवा भोवतालचा ऑक्सिजन कमी झाला, की जाळीतला ऑक्सिजन वायुरूपाने बाहेर पडतो आणि त्याच्या जागी एक रिक्तस्थान व दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. हे इलेक्ट्रॉन बी-स्थानावरच्या आयनांवर स्थिरावतात, म्हणजेच त्या आयनांचे क्षपण होते.

यातून वाहकतेचे काही ठरावीक उतार मिळतात. वाहकता आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब यांचा लॉग-लॉग आलेख काढला, तर प्रत्येक रिक्तस्थान स्वतःचे दोन इलेक्ट्रॉन घेऊन आलेले असताना उतार उणे एक-षष्ठांश येतो. ग्राही अशुद्धीमुळे (मूळ आयनापेक्षा कमी धनभाराच्या मिसळलेल्या आयनामुळे) रिक्तस्थानांची संख्या आधीच ठरलेली असेल, तर तो उणे एक-चतुर्थांश होतो. ऑक्सिजन भरपूर असलेल्या बाजूला विवरांमुळे (इलेक्ट्रॉन नसलेल्या, धनभारासारख्या वागणाऱ्या जागांमुळे) वहन होते आणि उतार अधिक एक-चतुर्थांश मिळतो. त्यामुळे स्ट्रॉन्शियम टायटनेट किंवा बेरियम टायटनेट यांचा आलेख दरीसारखा दिसतो. दरीचा तळ सपाट असेल, तर तिथे ऑक्सिजन-आयनांचे वहन डोके वर काढत आहे अशी शंका घ्यावी. स्ट्रॉन्शियम मिसळलेल्या लॅन्थॅनम क्रोमाइटचे चित्र वेगळे असते. हवेपासून बऱ्याच खालच्या दाबापर्यंत विवरांची संख्या स्ट्रॉन्शियमच ठरवते, म्हणून आलेख सपाट राहतो. दाब फारच उतरला, की विवरांऐवजी रिक्तस्थाने विद्युतभार सांभाळू लागतात आणि वाहकता घसरते.

लॅन्थॅनम मँगॅनाइटबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. हवेत त्याच्यात रासायनिक सूत्रातल्या तीनपेक्षा जास्त ऑक्सिजन असल्याचे वजनावरून दिसते, पण या दाट जाळीत जादा ऑक्सिजनला जागाच नाही. प्रत्यक्षात धन आयनांची स्थाने रिकामी असतात आणि त्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाण जास्त भासते. हे लक्षात न घेता ऑक्सिजन-रिक्तस्थानांचे साधे समीकरण या पदार्थाला लावले, तर हवेजवळच्या पट्ट्यातले सगळे निष्कर्ष चुकतात.

ऑक्सिजन काढत गेल्यावर एका मर्यादेनंतर जाळीच कोसळते. पुढच्या आकड्यांसाठी एक सोय करून घेऊ. ऑक्सिजनचा आंशिक दाब ॲटमॉस्फिअरमध्ये मोजून दहाच्या घातात लिहिला असता जो घातांक येतो, त्याला येथे दाब-घातांक म्हटले आहे. १००० °से.ला लॅन्थॅनम कोबाल्टाइट सुमारे उणे ७ या दाब-घातांकाला विघटित होते, लॅन्थॅनम मँगॅनाइट सुमारे उणे १५ला आणि लॅन्थॅनम फेराइट सुमारे उणे १७ला. लॅन्थॅनम क्रोमाइट उणे २०च्या आसपासही टिकून राहते, तर लॅन्थॅनम निकेलेट हवेतसुद्धा ९०० °से.च्या आसपास टिकाव धरत नाही. मिश्र घटनांमध्ये हे आकडे सरकतात, पण निकेल, कोबाल्ट, मँगॅनीज, लोह, क्रोमियम हा वाढत्या टिकाऊपणाचा क्रम प्रयोगाची आखणी करताना समोर ठेवावा.

पायरी १: कोणता ऑक्सिजन दाब हवा आणि तो कोणत्या वायूने मिळेल

शुद्ध ऑक्सिजन म्हणजे दाब-घातांक शून्य, आणि हवा म्हणजे ०.२१ ॲटमॉस्फिअर. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मिश्रणांनी उणे ४पर्यंत विश्वासाने जाता येते. सिलिंडरमधल्या नायट्रोजन किंवा अरगॉनमध्ये दशलक्ष भागांत काही भाग ऑक्सिजन असतो, म्हणून 'निष्क्रिय वायू' या नावाखाली प्रत्यक्षात उणे ५ ते उणे ६ एवढाच दाब-घातांक मिळतो, आणि तोही सांधे गळत नसतील तरच. निष्क्रिय वायूत ऑक्सिजनचा दाब ठरवणारी कोणतीही रासायनिक अभिक्रिया नसते. नमुन्यातून बाहेर पडणारा थोडासा ऑक्सिजनही तो बदलून टाकतो. त्यामुळे 'अरगॉनमध्ये मोजले' या नोंदीवर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

त्याखालच्या पट्ट्यासाठी दोन वायूंचे समतोल मिश्रण लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून बाष्प बनण्याच्या अभिक्रियेची प्रमाण मुक्त ऊर्जा प्रति मोल सुमारे उणे २,४७,५०० अधिक ५५.८५ गुणिले निरपेक्ष तापमान, इतके जूल असते. १००० °से. म्हणजे १२७३ केल्विन. तिथे ही ऊर्जा उणे १,७६,४०० जूल येते आणि समतोल स्थिरांक सुमारे १.७ कोटी. बाष्प आणि हायड्रोजन यांच्या दाबांच्या गुणोत्तराला या स्थिरांकाने भागून वर्ग केला, की ऑक्सिजनचा दाब मिळतो. २५ °से.च्या पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने नेलेल्या हायड्रोजनमध्ये सुमारे ३ टक्के बाष्प येते. त्यावरून १००० °से.ला दाब-घातांक सुमारे उणे १७.५ मिळतो. तेच मिश्रण ८०० °से.ला उणे २१.३ देते. म्हणजे वायू तोच ठेवून फक्त तापमान उतरवले, तरी ऑक्सिजनचा दाब जवळजवळ चार घातांकांनी खाली जातो. ५ टक्के हायड्रोजन असलेला अरगॉन त्याच पाण्यातून नेला, तर १००० °से.ला दाब-घातांक सुमारे उणे १५ येतो, कारण हायड्रोजन विरळ झाला तरी बाष्प तेवढेच राहते.

'कोरडा हायड्रोजन' हे संदर्भ वातावरण म्हणून निवडू नये. त्यातले नगण्य आणि अज्ञात बाष्पच ऑक्सिजनचा दाब ठरवत असते, आणि भट्टीच्या भिंतीतून सुटणारी ओल तो दर तासाला बदलते. बाष्प मुद्दाम घालून त्याचे प्रमाण स्थिर तापमानाच्या पाण्याने बांधून घेणे कितीतरी बरे.

कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड यांचे मिश्रण हा दुसरा मार्ग आहे. १००० °से.ला दोन्ही समप्रमाणात असतील तर दाब-घातांक सुमारे उणे १४ येतो, आणि डायऑक्साइड शंभरपट असेल तर सुमारे उणे १०. या मिश्रणाने खालच्या तापमानाला जाऊ नये. सुमारे ७०० °से.खाली मोनॉक्साइडचे विघटन होऊन नमुन्यावर व नळीवर काजळी बसू लागते. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम भरपूर असलेल्या पदार्थांसाठीही ते टाळावे, कारण डायऑक्साइडमुळे कार्बोनेट तयार होते. अशा वेळी हायड्रोजन-बाष्प निवडावे. मात्र प्रोटॉनवाहक पेरोव्हस्काइटांच्या जाळीत बाष्पही शिरते. पूर्णपणे तटस्थ असे मिश्रण नसतेच, म्हणून नमुन्याच्या रसायनानुसार मिश्रण निवडावे.

उणे ६ ते उणे १० हा मधला पट्टा सर्वांत अवघड आहे. या पट्ट्यात मिश्रणातल्या एका वायूचे प्रमाण इतके अल्प होते, की किंचित गळतीही दाब ठरवते. तिथे झिरकोनियाच्या विद्युतरासायनिक ऑक्सिजन-पंपाचा आधार घ्यावा, आणि पंप नसेल तर त्या पट्ट्यातले बिंदू न मोजलेलेच चांगले.

सुरक्षिततेत तडजोड नको. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक असतो. भट्टी तापवण्यापूर्वी आणि प्रयोग संपल्यावर नळी निष्क्रिय वायूने धुवून काढावी, बाहेर जाणारा वायू थेट वायुवीजन-धुराड्यात सोडावा आणि मोनॉक्साइडचा धोकासूचक चालू असल्याशिवाय झडप उघडू नये. शक्य तिथे शुद्ध हायड्रोजनऐवजी ४-५ टक्क्यांचे तयार मिश्रण वापरावे.

पायरी २: ऑक्सिजनचा दाब प्रत्यक्ष मोजणे

गणिताने आलेला दाब आणि नमुन्याजवळचा दाब एकच असतील असे गृहीत धरू नये. यिट्रिया मिसळलेल्या झिरकोनियाच्या नळीच्या एका बाजूला संदर्भ हवा आणि दुसऱ्या बाजूला भट्टीतला वायू ठेवला, की दोहोंतल्या ऑक्सिजन-दाबांच्या गुणोत्तरानुसार विद्युतदाब निर्माण होतो. १००० °से.ला प्रत्येक घातांकामागे सुमारे ६३ मिलिव्होल्ट आणि ८०० °से.ला सुमारे ५३ मिलिव्होल्ट मिळतात. वरच्या ३ टक्के बाष्पाच्या हायड्रोजनसाठी १००० °से.ला सुमारे १.०६ व्होल्ट यायला हवेत. ९५० मिलिव्होल्टच आले, तर आधी गळती शोधावी. नमुन्याचा विचार त्यानंतर.

संवेदक नमुन्याच्या शेजारी, त्याच तापमानाच्या भागात असावा. हायड्रोजन-बाष्प मिश्रणाचा ऑक्सिजन-दाब तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे नळीच्या थंड टोकाला ठेवलेला संवेदक वेगळ्याच तापमानाचे उत्तर देतो. प्रत्येक मालिकेच्या आरंभी दोन्ही बाजूंना हवा ठेवून वाचन शून्याजवळ येते का, ते पाहावे. वायूचा प्रवाह एकदा दुप्पट आणि एकदा निम्मा करून वाचन बदलते का, हेही तपासावे. प्रवाह कमी केल्यावर दाब-घातांक वर सरकला, तर बाहेरची हवा आत येत आहे असे समजावे.

पायरी ३: नमुना आणि त्याचा आधार

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वपरिचित आहे. लॅन्थॅनम ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून ते ९०० ते १००० °से.ला भाजून, गरम असतानाच शुष्कपात्रात ठेवून मग तोलावे; नाहीतर ए-स्थानाचे प्रमाण सुरुवातीपासूनच कमी पडते. मिश्रण भाजल्यावर क्ष-किरण विवर्तनाने एकच प्रावस्था असल्याची खात्री करावी. सिंटरिंगनंतर (दाबलेली भुकटी भाजून घट्ट केल्यानंतर) घनता सैद्धांतिक घनतेच्या निदान ९५ टक्के असावी, कारण उघड्या छिद्रांतून वायू आत शिरला तर विसरणाचे अंतर किती धरायचे हेच कळत नाही.

काही पदार्थांचे सिंटरिंग हाच वातावरणाचा प्रश्न असतो. लॅन्थॅनम क्रोमाइट हवेत घट्ट होत नाही, कारण क्रोमियम ऑक्साइडच्या रूपाने उडून कणांच्या सांध्यांवर बसते आणि तिथली पोकळी भरू देत नाही. ऑक्सिजनचा दाब खूप कमी ठेवला की हे बाष्पीभवन आवरते. बेरियम झिरकोनेटला १६०० ते १७०० °से. लागतात आणि तिथे बेरियम उडते, म्हणून गोळी तिच्याच घटनेच्या भुकटीत पुरून भाजतात. शिसेयुक्त पेरोव्हस्काइटांसाठी झाकण लावलेली मूस आणि शिशाचे बाष्प पुरवणारी भुकटी, ही पद्धत याच कारणाने रूढ झाली. ग्रॅफाइटच्या साच्यात दाब व विद्युतप्रवाह देऊन केलेल्या जलद सिंटरिंगनंतर नमुना क्षपित, काळा असतो. तो हवेत पुन्हा तापवल्याखेरीज 'हवेतला' म्हणून मोजू नये.

मूस निवडताना अॅल्युमिना डोळे मिटून घेऊ नये. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असलेले पदार्थ उच्च तापमानाला अॅल्युमिनाशी अभिक्रिया करतात. झिरकोनिया, मॅग्नेशिया किंवा प्लॅटिनम, आणि त्यावर नमुन्याच्याच भुकटीचा पातळ थर, ही व्यवस्था अधिक सुरक्षित ठरते. झिरकोनियाही सर्वत्र चालत नाही: लॅन्थॅनम मँगॅनाइट आणि झिरकोनिया यांच्यात सुमारे १२०० °से.च्या वर लॅन्थॅनम झिरकोनेट तयार होऊ लागते. क्षपणकारी वायूत शिसे किंवा बिस्मथ असलेला नमुना प्लॅटिनमवर कधीही ठेवू नये. धातू मुक्त होऊन प्लॅटिनम वितळवतो. मोलिब्डेनम सिलिसाइडचे तापघटक हवेतच सुरक्षित राहतात, म्हणून क्षपणकारी वायू बंद अॅल्युमिना नळीच्या आतच ठेवावा.

पायरी ४: वजनावरून ऑक्सिजनची तूट

बाकी सगळ्या मोजमापांचा पाया हा आहे, म्हणून तो घाईने उरकू नये. उदाहरणासाठी लॅन्थॅनम ०.६, स्ट्रॉन्शियम ०.४, कोबाल्ट ०.२, लोह ०.८ आणि ऑक्सिजन ३ ही प्रसिद्ध घटना घेऊ. तिचे मोलवजन सुमारे २२२.९ ग्रॅम आहे. ऑक्सिजनच्या प्रमाणात ०.०१चा फरक पडला, तर वजन ०.०७२ टक्क्यांनी बदलते, म्हणजे एक ग्रॅम नमुन्यात ०.७२ मिलिग्रॅम. आता दुसरी बाजू पाहा. एक घन सेंटिमीटर हवेचे वजन खोलीच्या तापमानाला सुमारे १.२ मिलिग्रॅम असते आणि १००० °से.ला ते चौथ्या हिश्शापेक्षा थोडे कमी उरते. म्हणजे नमुना, मूस आणि टांगणी यांच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे केवळ उत्प्लावन कमी झाल्यामुळे सुमारे ०.९ मिलिग्रॅमची खोटी वाढ दिसते. मोजायचा परिणाम आणि हा दोष एकाच मापाचे आहेत. त्यामुळे तेवढ्याच आकारमानाचा अॅल्युमिनाचा तुकडा ठेवून, त्याच वायूत, त्याच तापक्रमाने कोरी फेरी घेणे अनिवार्य आहे, आणि वायू बदलला की ती पुन्हा घ्यावी लागते.

पहिली फेरी नेहमी हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये घ्यावी. नमुना ९०० °से.पर्यंत नेऊन मिनिटाला १ °से. या संथ गतीने थंड करावा, म्हणजे चिकटलेले पाणी व कार्बोनेट निघून जाऊन सुरुवातीची स्थिती निश्चित होते. त्यानंतर तापमानाच्या पायऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक पायरीवर वजन स्थिर होईपर्यंत थांबावे.

याने ऑक्सिजनमधला फरक कळतो; त्याचे निरपेक्ष प्रमाण कळण्यासाठी एक पक्का बिंदू लागतो. शेवटी हायड्रोजनमध्ये संपूर्ण क्षपण करणे हा एक उपाय आहे. वरच्या घटनेतून लॅन्थॅनम ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम ऑक्साइड आणि कोबाल्ट-लोह धातू उरले, तर तीनपैकी १.७ ऑक्सिजन जातात आणि घट सुमारे १२.२ टक्के येते. या आकड्याच्या थोडे अलीकडे वजन थांबले, तर ते सुरुवातीची तूट दाखवते किंवा अपूर्ण क्षपण दाखवते. कोणते, हे उरलेल्या भुकटीच्या विवर्तनाशिवाय सांगता येत नाही, कारण लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि लोह यांची थरांची मध्यवर्ती संयुगे बराच काळ टिकतात. आयोडीनचे अनुमापन (टायट्रेशन) हा स्वतंत्र पडताळा आहे आणि तो करावाच, असा माझा आग्रह आहे.

पायरी ५: लांबीतील बदल

ऑक्सिजन गेला की बी-स्थानावरचा आयन क्षपित होऊन मोठा होतो आणि जाळी फुगते. हे रासायनिक प्रसरण औष्णिक प्रसरणात मिसळलेले असते. लोह-कोबाल्टच्या वरील घटनेचा आलेख सुमारे ६०० ते ७०० °से.नंतर वर वळतो, तो यामुळेच. झिरकोनिया विद्युतअपघटनी (ऑक्सिजन-आयन वाहून नेणारा थर) दर मीटरला दर अंशाला सुमारे १०.५ मायक्रॉन प्रसरण पावते, स्ट्रॉन्शियमयुक्त लॅन्थॅनम मँगॅनाइट सुमारे ११ ते १२, वरील घटना सुमारे १५ ते १७ आणि बेरियम-स्ट्रॉन्शियमची कोबाल्टप्रधान घटना सुमारे २०. एकावर एक थर देऊन भाजताना मँगॅनाइट झिरकोनियावर का टिकते आणि कोबाल्टाइट का सुटते, हे या आकड्यांवरून कळते.

दोन प्रसरणे वेगळी करायची असतील, तर तापमान स्थिर ठेवून फक्त वायू बदलावा आणि त्या वेळची लांबी मोजावी. वायू टप्प्याटप्प्याने बदलावा. हवेतून थेट हायड्रोजनमध्ये गेले, तर पृष्ठभाग आधी फुगतो, गाभा मागे राहतो आणि गोळी तडकते.

पायरी ६: वाहकता आणि वाट पाहणे

चार-टोकी पद्धतीने, आयताकृती दांड्यावर एकदिश प्रवाहाने वाहकता मोजावी. प्लॅटिनमचे किंवा सोन्याचे संपर्क चालतात. चांदी उच्च तापमानाला पसरते आणि बाष्परूपानेही उडते. खरी कसोटी समतोलाची असते. ऑक्सिजनला गाभ्यापर्यंत पोहोचायला लागणारा काळ ढोबळमानाने अर्ध्या जाडीचा वर्ग भागिले विसरणांक (जाळीतून ऑक्सिजन पसरण्याच्या वेगाचे माप) इतका असतो. एक मिलिमीटर जाड नमुन्यात विसरणांक सेकंदाला १० चा उणे ५ वा घात चौरस सेंटिमीटर असेल, तर चार-पाच मिनिटे पुरतात. तो उणे ८ वा घात असेल, तर जवळजवळ तीन दिवस लागतात. पृष्ठभागावरची ऑक्सिजनची देवाणघेवाण मंद असेल, तर हा काळ आणखी वाढतो, आणि तो पृष्ठभागाच्या स्वच्छतेवरही अवलंबून असतो. त्यामुळे 'प्रत्येक बिंदूला तीस मिनिटे' असा सरसकट नियम कोणत्याच पदार्थाला न्याय देत नाही.

त्याऐवजी वाहकता काळाबरोबर नोंदवत राहावे आणि आलेख आडवा झाल्यावरच बिंदू स्वीकारावा. मग तोच दाब विरुद्ध बाजूने गाठावा: एकदा जास्त ऑक्सिजनकडून खाली येऊन, एकदा कमी ऑक्सिजनकडून वर जाऊन. दोन्ही आकडे जुळले, तरच समतोल साधला असे म्हणता येते. न जुळल्यास नमुना बदलला आहे किंवा थांबण्याचा काळ अपुरा पडला आहे. दुप्पट काळ थांबून पुन्हा पाहिल्यावर यांतले कोणते कारण खरे, ते ठरते. या संथपणातून मिळणारी माहितीही मोलाची असते: दाब एकदम बदलल्यानंतर वाहकता ज्या वक्राने नव्या मूल्याकडे जाते, त्यावरूनच विसरणांक आणि पृष्ठभागाचा विनिमयांक काढतात.

उतार वाचताना घाई नको. दोन घातांकांच्या अरुंद पट्ट्यातून एक-चतुर्थांश आणि एक-षष्ठांश यांत भेद करता येत नाही; निदान चार-पाच घातांकांचा पट्टा लागतो. वाहकता एखाद्या दाबाला एकाएकी उडी मारून खाली आली आणि परत वर येताना त्या मार्गाने आली नाही, तर तिथे दोषांचे रसायन संपून विघटन सुरू झाले आहे असे समजावे.

पायरी ७: ऑक्सिजनखेरीज इतर वायू

ऑक्सिजनचा दाब तोच ठेवून कार्बन डायऑक्साइड, बाष्प किंवा गंधकाचा डायऑक्साइड घातला, तर वेगळेच प्रश्न उभे राहतात. बेरियम सिरेट डायऑक्साइडमध्ये बेरियम कार्बोनेट व सिरियम ऑक्साइड यांत मोडते. वजनमापक फेरीत तापवताना वजन आधी वाढते आणि पुढे कार्बोनेट सुटल्यावर घटते, ही त्याची खूण. बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या कोबाल्टप्रधान घटनेचा पृष्ठभाग डायऑक्साइडने झाकोळला जाऊन ऑक्सिजनचा झिरपाव घसरतो. हीच घटना हवेतसुद्धा ९०० °से.च्या खाली दीर्घकाळ ठेवली, तर कोबाल्ट ऑक्सिडीकृत होऊन आकसतो आणि घनाकृती जाळी हळूहळू षट्कोनी रूपाकडे वळते. त्यामुळे तिच्या काही तासांच्या चाचणीवरून तिच्या टिकाऊपणाबद्दल काहीच सांगता येत नाही.

बाष्पाचा परिणाम ग्राही अशुद्धी असलेल्या सिरेट आणि झिरकोनेटमध्ये सर्वांत रंजक आहे. पाण्याचा रेणू रिक्तस्थानात शिरून दोन हायड्रॉक्सिल गट तयार करतो आणि प्रोटॉनवहन सुरू होते. इवाहारा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली स्ट्रॉन्शियम सिरेटमध्ये हे दाखवले. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने तापमान उतरताना वजन वाढते. कोरडी फेरी आणि ओली फेरी यांतल्या वजनांचा फरक घेतला, की शोषलेले पाणी थेट मिळते.

क्रोमियम वायूच्या रूपाने येते, हे अनेकदा विसरले जाते. ओल्या हवेत पोलादी भागांवरून क्रोमियमचे बाष्पशील हायड्रॉक्साइड सुटते, मँगॅनाइट विद्युतअग्रावर विद्युतअपघटनीच्या सीमेजवळ साचते, आणि स्ट्रॉन्शियम असलेल्या फेराइट-कोबाल्टाइटवर स्ट्रॉन्शियम क्रोमेट बनवते. भट्टीत नमुन्याजवळ पोलादी तार किंवा आधार असेल, तर तो प्रयोग वातावरणाचा राहत नाही, पोलादाचा होतो.

पायरी ८: थंड करणे आणि नंतरचे परीक्षण

थंड करण्याच्या रीतीनेही नमुना बदलतो. हवेत सावकाश थंड केल्यास जाळी पुन्हा ऑक्सिजन शोषते आणि उच्च तापमानाची स्थिती पुसली जाते. ती टिकवायची असेल, तर लहान तुकडा त्याच वायूत थंड भागात ओढून झटकन थिजवावा. मधल्या गतीने थंड केले तर कणसीमा आधी ऑक्सिडीकृत होतात आणि कणांचा गाभा मागे राहतो. दाता अशुद्धी (जास्त धनभाराचे मिसळलेले आयन) असलेल्या बेरियम टायटनेटचे तापरोधक (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारे घटक) याच विषमतेवर चालतात: गाभा वाहक, सीमा रोधक. निकेलचे विद्युतअग्र असलेल्या संधारित्रांत हाच विचार उलट दिशेने करतात. निकेल ऑक्सिडीकृत होऊ नये म्हणून क्षपणकारी वायूत भाजतात, टायटॅनियमच्या जागी थोडे मँगॅनीज किंवा मॅग्नेशियम घालून इलेक्ट्रॉनांची संख्या आवरतात, आणि शेवटी सुमारे १००० °से.ला किंचित जास्त ऑक्सिजन असलेल्या नायट्रोजनमध्ये ठेवून रिक्तस्थाने भरून काढतात.

थंड झालेल्या नमुन्याचा आधी रंग पाहावा. स्ट्रॉन्शियम टायटनेट क्षपणानंतर निळसर-काळे दिसते; फोडल्यावर कडेला फिकट पट्टा आणि मध्ये गडद गाभा दिसला, तर थंड होताना ऑक्सिडीकरण कितपत आत गेले, ते तिथेच मोजता येते. पृष्ठभागाचे विवर्तन न घासता आधी घ्यावे आणि भुकटीचे नंतर, कारण कार्बोनेट, सल्फेट आणि वर तरंगून आलेले स्ट्रॉन्शियम हे सगळे वरच्या पातळ थरात असतात आणि घासताच नाहीसे होतात.

ज्या पटलाच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला विरळ ऑक्सिजन होता, त्याचा आडवा छेद घासून दोन्ही कडांची घटना वेगवेगळी मोजावी. ऑक्सिजन आयन एका दिशेने वाहत असताना धन आयन उलट दिशेने अत्यंत संथपणे सरकतात, आणि त्यांतला जास्त वेगवान आयन ऑक्सिजन भरपूर असलेल्या बाजूला साचतो. सुरुवातीला एकजिनसी असलेला पदार्थ दीर्घकाळात असा आपोआप विलग होतो. दोन्ही बाजूंना एकच वायू ठेवून केलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही, म्हणून पटलासाठी निवडलेल्या घटनेची दीर्घ चाचणी दोन बाजूंना दोन वायू ठेवूनच घ्यावी.